मिसळणाच्या डब्यातले रंग

"हे झाकण सैल आहे. रिक्षात सांडलं म्हणजे बसशील बोंबलत," हे म्हणाले.

"काही सांडत नाही. माझ्या लग्नापासून यातली हळद सांडली नाही, आता रंग काय सांडतोय?" मी म्हणाले आणि मिसळणाच्या डब्याला जुन्या ओढणीची करकचून गाठ मारली.

त्या सकाळला आता दहा वर्षं होत आली. पण ती गाठ मारताना मी स्वतःवर किती खूश होते, ते अजून आठवतं. आमच्या मुलाची, प्रणीतची, चित्रकलेची स्पर्धा होती. आमच्या इचलकरंजीतल्या सगळ्या शाळांची मिळून मोठी स्पर्धा. मागच्या वेळी शाळेतल्या शाळेत स्पर्धा झाली तेव्हा पोरानं निम्मा वेळ बाटल्यांच्या झाकणांशी कुस्ती खेळण्यात घालवला होता. वर एक बाटली शेजारच्या मुलीच्या फ्रॉकवर लवंडली आणि तिच्या आईची बोलणी मला खावी लागली. म्हणून यंदा मी डोकं चालवलं. जुना मिसळणाचा डबा चिंचेनं घासून लख्ख केला, उन्हात वाळवला आणि प्रणीत आंघोळीला गेला तेवढ्यात बाटल्यांतले रंग त्याच्या सात वाट्यांत ओतले. पांढरा मधोमध, भोवतीनं लाल, हिरवा, तपकिरी, निळा, पिवळा, काळा. असला थाट दिसत होता म्हणून सांगू! झाकण उघडलं की सगळे रंग हाताशी. मला वाटलं, एवढी साधी गोष्ट त्या व्हिडिओवाल्या बाईला कशी सुचली नाही?

रिक्षात प्रणीत म्हणाला, "आई, बाटल्या कुठायत?"

"बाटल्या घरी. रंग यात आहेत."

त्यानं डबा मांडीवर घेतला, गाठीला हात लावला. "उघडून बघू?"

"आता सोडू नकोस गाठ. तिथं गेल्यावर बघ, खूश होशील."

त्यानं गाठीवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, स्पर्धेची धाकधूक असेल.

आता त्या व्हिडिओवाल्या बाईचं सांगते. त्याआधी ह्यांचं सांगायला पाहिजे. हे कापड रंगवायच्या कारखान्यात डाइंग मास्तर. सगळे ह्यांना दत्तामास्तर म्हणतात. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा घेऊन येतं, "अस्सा रंग पायजे" म्हणतं, आणि हे तो तुकडा घेऊन कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहतात. ट्यूबलाइटखाली रंग कधी बघायचा नाही, ट्यूबलाइट खोटं बोलते, असं ह्यांचं म्हणणं. दारातल्या उजेडात डोळे बारीक करून बघतात आणि सांगतात, यात पिवळा जरा चढलाय. तिथं दुसरं कुणी बोलत नाही. माझ्याबरोबर साडी घ्यायला आले की दुकानदाराचा चेहरा पडतो, कारण पदर आणि काठाचा रंग जुळत नाही हे त्याच्या आधी ह्यांना दिसतं. नखं मात्र दर आठवड्याला वेगळ्या रंगाची. जेवायला बसले की मी म्हणायची, आज भातात कुठला कालवताय?

एवढ्या नावाजलेल्या माणसाचा मुलगा, आणि अभ्यासात यथातथा. पाढे म्हणायला उभा केला की सातच्या पाढ्यात रुतून बसायचा. कबड्डीत घेतला की पहिल्यांदा बाद. हे तसे कमी बोलणारे, मुलाला मारणारे नाहीत, पण त्याच्याशी बोलायला ह्यांना विषयच सापडायचा नाही. संध्याकाळी घरी आले की "जेवलास का?" आणि "अभ्यास केलास का?" एवढंच. पोरगं मान हलवायचं आणि आत पळायचं.

मग एकदा त्यानं पेन्सिलीनं आमच्या गल्लीतला रसवंतीचा चरक काढला. बैल, घुंगरं, चरक फिरवणारा माणूस, सगळं. हे तो कागद घेऊन दारात गेले, उजेडात धरला, खूप वेळ बघितला आणि म्हणाले, "डोळा माझा घेतलाय पोरानं."

झालं! त्या एका वाक्यावर पोरगं फुगलं. मी कानानं ऐकलंय, गल्लीतल्या मित्राला सांगत होता, "माझा डोळा पप्पांचा आहे, माहितीय का?" तेव्हापासून चित्रं हा आमच्या घरात नुसता छंद राहिला नाही. बापाला आणि पोराला बोलायला एक गोष्ट मिळाली होती, ती एवढी एकच होती, आणि काहीही झालं तरी ती मला जपायची होती.

शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. मला स्वतःला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. दिवाळीला दारात हंस काढला तर शेजारच्या काकू म्हणतात, "बदक छान आलंय गं." पण त्याच सुमाराला मोबाइलवर नेट भरपूर मिळायला लागलं आणि शोधता शोधता मला ती बाई सापडली. तिचा चेहरा कधी दिसलाच नाही. कागद, ब्रश आणि बांगड्यांनी भरलेले दोन हात, एवढंच. आम्ही तिला बांगडीवाली दीदी म्हणायचो. शिकवायची मात्र छान. "अब हम लेंगे सॅप ग्रीन, इसमें थोडासा यलो," असं प्रत्येक रंगाचं नाव घेऊन, सावकाश, लाडीगोडीनं.

शाळा सुटली की मी पोळपाट भिंतीला टेकवून उभा करायची, त्याला मोबाइल टेकवायची. माझं काम एकच, दीदी पुढं पळाली की बोटानं थांबवायची आणि "मागं घे" म्हटलं की मागं घ्यायची. एवढ्यावर मी शेजारणींना सांगायची, "चित्रकला मीच शिकवते त्याला." प्रणीतला दीदीचं सगळं तोंडपाठ. झाडाला सॅप ग्रीन, खोडाला बर्न्ट सिएना म्हणजे तपकिरी, तोंडाला पांढऱ्यात ब्राऊनचं नुसतं टोक. पाढे येईनात, पण हे सगळं धडाधडा. बाटलीवरचं नाव वाचायचा आणि मगच ब्रश बुडवायचा. शाळेतल्या इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, याचं वाचन भलतंच सुधारलंय. एकदा मोबाइलचा आवाज गेला तर हा रडकुंडीला आला. मी म्हटलं, "अरे, चित्र दिसतंय की!" तर म्हणे, "आवाज पाहिजे. आवाजाशिवाय नाही जमत." मला वाटलं, दीदीच्या बांगड्यांची सवय लागलीय.

तर स्पर्धा. एका मंगल कार्यालयात सतरंज्या घालून पोरांना बसवलं होतं. आम्ही आया बाहेरच्या मांडवात. विषय दिला होता, बागेत खेळणारी मुलं. मला ऐकूनच बरं वाटलं, कारण दीदीची बाग त्यानं चारदा तरी काढली होती. वेळ संपत आला तसे हेही कारखान्यातून अर्धी रजा टाकून आले. असल्या कामासाठी ह्यांनी रजा काढल्याचं मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. शर्टही इस्त्रीचा होता.

प्रणीत बाहेर आला तो खाली बघत.

"कसं झालं?"

"झालं."

"आणि डबा? आवडला का डबा?"

"चांगलाय," तो म्हणाला आणि डबा माझ्या हातात दिला. झाकणावर रंगाची बोटं उठली होती.

थोड्या वेळानं स्पर्धावाल्यांनी चित्रं दोऱ्यावर चिमटे लावून टांगली आणि पालकांना आत सोडलं. एका चित्रापुढं गर्दी होती. पोरं खिदळत होती. मी मनात म्हटलं, हेच असणार आपलं, पहिलं आलं वाटतं! आणि होतंही आमचंच. रेषा बघाल तर अशी सुरेख! झोका असा वर गेलेला की झोक्यावरच्या मुलीची वेणी हवेत तरंगत होती. बाकड्यावर म्हातारा बसला होता, त्याच्या धोतराच्या चुण्यासुद्धा दिसत होत्या. पण झाडांना तपकिरी पानं. खोडं हिरवीगार. खालचं गवत लालभडक. आणि सगळ्या मुलांची तोंडं फिकट हिरवी, आजारी पडल्यासारखी.

"भुतं आहेत ही भुतं!" एक पोरगा ओरडला आणि सगळी हसली.

तिथं एक बाई होत्या, चित्रं तपासायला आलेल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी पोरांना गप्प केलं आणि वाकून प्रणीतला विचारलं, "बाळ, मुद्दाम केलंस का असं?"

प्रणीतनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग बापाकडं.

"हो," तो म्हणाला. "मुद्दाम."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस मी पोळपाट धरून बसले ते काय या माकडचाळ्यांसाठी? मी दंड धरून त्याला बाजूला घेणार, तेवढ्यात ह्यांनी चिमटे काढले, चित्र सोडवलं आणि ते घेऊन दारात गेले. तिथल्या उजेडात धरून उभे राहिले. मी मागोमाग. ह्यांचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. रागावलेला नव्हता. त्यांनी चित्राची सावकाश गुंडाळी केली.

"चल घरी," म्हणाले. "चालत जाऊ."

बाजारातून रस्ता होता. हे मुलाचा हात धरून पुढं, मी डबा घेऊन मागं. कोपऱ्यावर आमची नेहमीची भाजीवाली मावशी बसायची. तिच्या पोत्यावर हिरव्या आणि पिकून लाल झालेल्या मिरच्यांचा एकच ढीग होता. हे तिथं थांबले.

"प्रणीत, यातली एक लाल मिरची उचल."

प्रणीत खाली बसला, हात पुढं केला.

"हात नको लावू. नुसतं बघून सांग, कुठली लाल?"

मावशी हसली. "काय ओ मास्तर, मिरची वळखायला शिकवताय व्हय पोराला? माझ्या दोन वर्साच्या नातीलाबी कळतंय की!"

पोरगं त्या ढिगाकडं बघत राहिलं. एकदा माझ्याकडं बघितलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं सुद्धा, तिकडं बघ, तिकडं, इतक्या लालभडक मिरच्या समोर पडलेल्या! मग त्यानं एकीकडं बोट केलं.

"ही."

हिरवीगार होती.

मावशीचं हसू थांबलं. ह्यांनी पावशेर मिरची घेतली, कशाला घेतली कुणास ठाऊक, घरात मिरच्या होत्या.

घरी आल्यावर मी प्रणीतला जवळ घेतलं. "खरं सांग. मुद्दाम केलंस?"

तो इतका वेळ धरून बसला होता, आता फुटला. "आई, वाट्यांवर नावं नव्हती गं! मी शेजारच्या मुलीला विचारलं, यातला हिरवा कुठला, तर तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिथल्या बाई म्हणाल्या, बोलायचं नाही. मग मी... मग मला वाटलं, हाच असेल."

एकेक गोष्ट डोळ्यांपुढं यायला लागली. तेलखडूवरचा कागद निघाला की तो खडू हा वापरायचाच नाही, बाजूला फेकायचा. मी म्हणायची, काय नखरे आहेत! दीदीचा आवाज. बाटल्यांवरची नावं. पोरगं इतके दिवस रंग ऐकून आणि वाचून चित्रं काढत होतं, आणि मी शेजारी बसून व्हिडिओ थांबवत होते.

"आमच्यात कामावर घेताना ठिपक्यांची चित्रं दाखवतात," हे भिंतीकडं बघत म्हणाले. "ज्याला त्यातला आकडा दिसत नाही त्याला परत पाठवतात. मीच किती जणांना परत पाठवलंय."

सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनीही ठिपक्यांचं पुस्तक पुढं ठेवलं. मला एकेका पानावर ढळढळीत आकडा दिसत होता आणि माझं पोर म्हणत होतं, "इथं काही नाही. इथं पण नाही." डॉक्टर म्हणाले, बाकी नजर उत्तम आहे. लाल, हिरवा, तपकिरी यात त्याला फरक दिसत नाही, एवढंच. पुष्कळ पुरुषांना असतं. यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

"आलं कुठून पण हे?" मी विचारलं. "ह्यांचा डोळा तर..."

"वडिलांचा संबंध नाही. आईकडून येतं. आईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या वडिलांना वगैरे असू शकतं."

परत येताना हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते. भांडायला मला छान येतं. पण गप्प माणसाशी काय भांडणार?

घरी आल्या आल्या मी कुरुंदवाडला आप्पांना फोन लावला. माझे वडील. जन्मभर किराणा दुकान चालवलं त्यांनी.

"आप्पा, तुम्हाला लाल आणि हिरवा वेगवेगळा दिसतो का हो?"

"का गं?"

"सांगा की."

"तुझी आई म्हणायची, टोमॅटो सांगितले की कच्चे घेऊन येता. मी म्हणायचो, टिकतात गं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसत असंल. लोक शिकत्यात आणि मला शिकायला जमलं न्हाई, एवढंच. कुणाला विचारणार? लोक हसली असती."

"आईला पण सांगितलं नाहीत?"

"तिला काय सांगायचं? तिला वाटायचं, मी चिक्कू आहे म्हणून कच्चे आणतो. असू दे म्हटलं." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "का विचारतीस? प्रणीतला हाय का?"

"हो."

"माझं गेलं त्याच्याकडं?"

आप्पा फोनवर रडायला लागले. "काही देता आलं नाही गं पोराला आजवर, आणि दिलं ते हे दिलं." मी इकडं रडत होते. तिकडं एक सत्तर वर्षांचा माणूस जन्मात पहिल्यांदा ही गोष्ट कुणापाशी तरी बोलत होता, आणि मी त्याला धड धीरसुद्धा देऊ शकत नव्हते.

वाटलं, आता हे गप्प बसतील, पोरगं पुन्हा आत पळायला लागेल. पण दोन दिवसांनी हे कारखान्यातून येताना पिशवीभर सुताच्या लड्या घेऊन आले. लाल, हिरव्या, तपकिरी, गुलाबी, करड्या.

"डॉक्टरला काय कळतंय," मला म्हणाले. "नजर तयार करावी लागते. मला तरी पहिल्या दिवशी कुठं जमलं होतं? माझ्या वस्तादानं मला वर्षभर नुसतं दारात उभं केलं होतं."

"अहो, डॉक्टर म्हणाले की..."

"तू मधे पडू नकोस."

मग रोज संध्याकाळी तेच. उजेड असेपर्यंत दारात दोघं बसायचे. हे लडी वर धरायचे. "हा कुठला?"

"हिरवा."

"नीट बघ."

"तपकिरी?"

"अरे, अंदाज नको करू. बघ. बघ नीट."

पोरगं डोळे ताणून बघायचं. कान लाल व्हायचे त्याचे. चुकला की हे चिडायचे नाहीत, तेच वाईट होतं. मऊ आवाजात म्हणायचे, "असू दे. परत बघ." इतक्या मायेनं हे त्याच्याशी कधी बोलले नव्हते. मी आत भाकरी थापत ते ऐकायची आणि पीठ भिजेल एवढं रडायची. मधे पडून कुणाला थांबवू? बापाला थांबवलं तर पोरावरची आशा सोडा म्हटल्यासारखं, आणि पोराला थांबवलं तर बापाशेजारी बसायचा त्याचा तेवढा वेळ जाणार. देवाला सांगून बघितलं. नवस बोलले, तोही कसला बोलायचा ते कळेना. पोराला लाल दिसू दे, असा नवस कुणी बोललंय का कधी?

आणि मग एके दिवशी त्यानं तीन लड्या बरोबर सांगितल्या. दुसऱ्या दिवशी पाच. आठवड्याभरात एकही चुकेना.

"हा?"

"लाल."

"हा?"

"हिरवा. आणि तो मागं ठेवलाय ना, तो तपकिरी."

"शाब्बास!" हे म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास माझ्या वाघा!"

मी पिठाच्या हातानं बाहेर पळत आले. प्रणीतचं तोंड असं फुललं होतं! मी त्याची अलाबला घेतली, कडाकडा बोटं मोडली. डॉक्टरला शिव्या घातल्या, मोठमोठ्यानं. म्हटलं, आता शिरा करते. हे उठून मागच्या नळावर तोंड धुवायला गेले.

शिऱ्याचा रवा भाजायला टाकला, तर मागून नळाचा आवाज थांबेचना. बघायला गेले. हे वाहत्या नळाखाली नुसते हात धरून उभे होते.

"काय हो? किती पाणी?"

त्यांनी नळ बंद केला. "गाठी मारल्यात त्यानं."

"कसल्या गाठी?"

"लड्यांना. लालला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला टोकाशी. बारीक बारीक. परवाच बघितलं मी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "त्याला नावं कुणी सांगितली पण?"

"गल्लीतल्या पोरांना विचारून मारल्या असतील." हे लुंगीला हात पुसत होते, कोरडे झाले तरी पुसत होते. "मी लडी धरली की त्याची नजर रंगावर नसती. टोकाला शोधत असती."

"परवाच बघितलंत? मग आत्ता शाब्बास कशाला म्हणालात?"

"मग काय म्हणू?" ते एकदम माझ्यावर ओरडले. आणि लगेच आवाज पडला. "काय म्हणू, तूच सांग."

आत शिऱ्याचा रवा करपल्याचा वास आला.

आम्ही दोघं आत आलो तर प्रणीतनं पोळपाट उभा केला होता आणि मोबाइल लावला होता. स्पर्धेपासून त्यानं दीदीला हात लावला नव्हता. कागद नव्हता, ब्रश नव्हता, नुसता बघत होता. दीदी डोंगर रंगवत होती. "अब हम लेंगे सॅप ग्रीन," ती म्हणाली आणि बांगड्या वाजल्या. प्रणीतनं स्वतःच बोट लावून तिला थांबवलं.

"आई, आत्ता तिनं जो लावला तो तुला कसा दिसतो?"

"हिरवा."

"ते तिनं सांगितलंच की. पण कसा दिसतो?"

मी त्याच्याजवळ बसले. "हिरवा म्हणजे... पानासारखा बघ."

"पान मला दिसतं रोज. ते नको."

"मग... गार. गार वाटतं बघितलं की."

"निळा पण गार असतो, तूच म्हणतेस." त्यानं माझ्याकडं अगदी मन लावून बघितलं, जसा दीदीकडं बघायचा तसा. "तू सांग ना नीट. तू सांगितलंस तर मी पाठ करीन."

मी तोंड उघडलं. खरंच प्रयत्न केला मी. कैरी आठवली, चुडा आठवला, पाटवड्यांवरची कोथिंबीर आठवली. सगळी हिरव्या वस्तूंची नावं. हिरवा कसा ते एकातही नव्हतं.

"पप्पा, तुम्ही सांगा मग," प्रणीत म्हणाला. "तुम्ही तर रोज करता."

हे दारात उभे होते. ज्या माणसानं लाखो वार कापड हिरवं केलं असेल, कुठला पोपटी, कुठला शेवाळी, कुठला जराशानं चुकलाय ते दारात उभं राहून सांगितलं असेल, तो माणूस मुलाकडं बघत राहिला. ते येऊन प्रणीतच्या शेजारी फरशीवर बसले. निळी नखं मांडीवर ठेवली.

"नाही रे येत मला," म्हणाले. "सांगायला नाही येत."

प्रणीतला त्यांची कीव आली असावी. त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे, पप्पा. मला दिसतो तो कसा आहे, ते मला पण तुम्हाला नाही सांगता येत."